शुगरची गोळी संडासवाटे अख्खीच पडते, मग अंगाला लागतंय काय?

विजापूररोडकर:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा अवघड जागेचा आहे, जेवत असाल तर नंतर वाचा.

आमचे आप्पा, वय ६४, सगळं आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात लूमवर गेलं, आता घरीच असतात. शुगर निघून बरीच वर्षं झाली. गोळी एकच आहे ज्यात मेटफॉर्मिन ५०० एसआर आणि ग्लिमेपिराइड १ दोन्ही असतं, सकाळी एक रात्री एक. तर झालं असं की मध्ये एकदा त्यांना संडासात गोळी दिसली, पांढरी, जशीच्या तशी. मग ते रोज बघायला लागले आणि मग काय, अधूनमधून दिसायलाच लागली. तेव्हापासून घर डोक्यावर घेतलंय. गोळ्या डुप्लिकेट आहेत, पचतच नाहीत, इकडून घातली तिकडून पडली, डॉक्टर येडं बनवतोय, वगैरे वगैरे. मी दुकान बदलून बघितलं, दुसऱ्या कंपनीची आणली, तरी तेच.

आता त्यांनी स्वतःच तोड काढलीय. गोळी खलबत्त्यात कुटायची, भुकटी तोंडात टाकायची, वर तांब्याभर पाणी. कुटायला लागल्यापासून पोट बिघडलंय, जेवण झालं की पळावं लागतं, तोंडाला कसली तरी लोखंडासारखी चव येते म्हणतात. आणि याच्यावर खूश! म्हणे आता कुठं औषध अंगाला लागायला लागलं.

कुटायच्या आधीचा रिपोर्ट असा होता, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७.२, उपाशीपोटी १२८, जेवणानंतर १७६, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.१. म्हणजे तसं बरंच आटोक्यात. मग गोळी जर विरघळतच नसेल तर हे आटोक्यात आलं कसं हे मला कळत नाहीये आणि आप्पांना पटवता येत नाहीये. त्यात गल्लीतल्या एका काकांनी ही गोळी किडनी खाते असं डोक्यात भरवून दिलंय ते वेगळंच. डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यात जाणारच आहे, त्यामुळे नुसतं डॉक्टरला विचारा म्हणून सोडून देऊ नका, तोवर घरात शांतता पाहिजे ओ.

मेडिकलवाला_सातरस्ता:

दादा, तुमच्या आप्पांसारखे लै जण आहेत. काउंटरवरची गर्दी ओसरली की हळू आवाजात विचारतात, काही जण तर कागदात बांधून पुरावा आणतात. तेवढं मात्र करू नका, तोंडी सांगितलं तरी समजतंय आम्हाला.

आधी कुटणं बंद करा, आज रात्रीपासूनच. कारण सांगतो.

एसआर गोळीतलं औषध एकदम सुटत नाही, तासन् तास थोडं थोडं सुटतं. त्यासाठी मेटफॉर्मिन एचपीएमसीसारख्या एखाद्या पदार्थात कालवून दाबलेलं असतं, हा सेल्युलोजचाच एक प्रकार. पोटात ओलावा लागला की तो फुगतो, त्याचा बुळबुळीत जेल होतो आणि त्या जेलमधनं औषध झिरपत बाहेर पडत राहतं. औषध निघून गेलं तरी सांगाडा शिल्लक राहतो कारण सेल्युलोज माणसाला पचत नाही. रसवंतीवर ऊस चरकातनं काढला की रस ग्लासात जातो आणि चिपाड मागं राहतं, आप्पांना दिसतंय ते चिपाड. अशा गोळ्यांच्या माहितीपत्रकातसुद्धा छापलेलं असतं की गोळीसारखा दिसणारा मऊ गोळा शौचातून पडू शकतो, पण ते पत्रक वाचतंय कोण, अक्षर मुंगीएवढं आणि घडी एकदा उलगडली की परत घालता येत नाही.

आता आप्पांना पटेल असा पुरावा देतो. गोळी घ्यायच्या आधी नीट बघायला सांगा, बहुतेक ती दोन थरांची असेल, एक बाजू रंगीत आणि एक पांढरी. बऱ्याच कंपन्या अशीच करतात. रंगीत थरात ग्लिमेपिराइड, ते लगेच विरघळतं. पांढऱ्या थरात मेटफॉर्मिन. पडते ती नुसती पांढरी पडते म्हणालात ना, मग रंगीत बाजू गेली कुठं? म्हणजे जशीच्या तशी नाहीच की ती. दुसरं, काडीनं दाबून बघा म्हणावं (रोज बघतायतच तर एवढंही करा). पाकिटातली गोळी टणक असते, ही दाबली की पिचकेल. मऊ असेल तर विषय संपला. समजा खरंच टणक निघाली, किंवा आतड्याचं ऑपरेशन झालेलं आहे, किंवा जुलाबच एवढे की खाल्लेलं दोन तासांत बाहेर, तर मात्र डॉक्टरांना सांगायला पाहिजे, कारण मग औषध सुटायला वेळच मिळत नाही.

कुटली की तो सांगाडाच मोडला. साध्या मेटफॉर्मिनची रक्तातली पातळी साधारण अडीच तासांत सगळ्यात वर जाते, एसआरची जवळपास ७ तासांनी. तुम्ही कुटून एसआरची साधी करून टाकली, ५०० मिलिग्रॅम एका दमात आतड्यावर पडलं, म्हणून पळापळ, म्हणून तोंडाला चव. या दोन्ही गोष्टी मेटफॉर्मिनच्या नेहमीच्या साइड इफेक्टच्या यादीतल्या आहेत. वर रात्रभर पुरायचं औषध लवकर सरतंय ते निराळं.

आणि एसआर जेवणाबरोबरच घ्यायची. अन्न असलं तर उपाशीपोटीपेक्षा जवळपास दीडपट औषध रक्तात जातं, गोळी वरच्या भागात जास्त वेळ रेंगाळते ना. मेटफॉर्मिन शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, तिथनं गोळी पुढं सरकली की शोषण कमी होत जातं. चहा बिस्किटावर गोळी उरकणारे लोक आहेत आपल्याकडं, त्यांनी हे वाचावं.

अक्का_पूर्वभाग:

पळापळीचं मला विचारा! मला सुरुवातीला साधी मेटफॉर्मिन दिली होती आणि तीही एकदम मोठ्या डोसानं. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला लेकीकडं जायचं म्हणलं की आदल्या रात्रीपासून धास्ती, त्या दिवशी गोळीच खायची नाही, मग तिकडं गेल्यावर शुगर वाढलेली, लेक ओरडायची. नंतर ज्या डॉक्टरांकडं गेले त्यांनी एसआर लावली आणि कमी डोसानं सुरू करून सावकाश वाढवत नेली, तेव्हापासून पोट शांत आहे. त्यामुळे विजापूररोडकर तुमच्या आप्पांना सांगा की तुम्हाला जी गोष्ट कुटून मिळाली ती आम्ही फुकटात भोगलीय.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. मागच्या काही वर्षांत माझ्या तळपायाला मुंग्या यायला लागल्या, चालताना चप्पल निसटलेली कळायची नाही. सगळे म्हणाले शुगरमुळं नसा गेल्या, आता असंच चालायचं. एका डॉक्टरीणबाईंनी बी१२ तपासायला लावलं तर ते तळाला गेलेलं. आम्ही घरी शाकाहारी, त्यात इतक्या वर्षांची मेटफॉर्मिन. इंजेक्शनं घेतली, मग गोळ्या, मुंग्या बऱ्याच कमी आल्या. आप्पांचं बी१२ कधी बघितलंय का?

निसर्गमित्र_जुळे_सोलापूर:

कशाला ही केमिकलं पोटात घालता. शरीर स्वतः सांगतंय की मला नको, बाहेर टाकतंय, तरी तुम्ही कोंबताय. मेटफॉर्मिननं किडनी खराब होते हे आता लहान पोरालासुद्धा माहीत आहे. माझ्या ओळखीत तिघांची किडनी गेली, तिघंही हीच गोळी खात होते. जांभळाच्या बियांची पूड सकाळी, कारल्याचा रस उपाशीपोटी, ज्वारीची भाकरी, चालणं. गोळ्या हळूहळू बंद करा. पटलं तर घ्या.

बीफार्म_मास्तर:

फार्मसी कॉलेजात हाच विषय शिकवतो त्यामुळे लांबण लागेल, सवयच आहे.

आधी निसर्गमित्रांना. भाकरी आणि चालणं याला माझे दोन्ही हात वर. पण केमिकल केमिकल म्हणताय त्या मेटफॉर्मिनचा उगमसुद्धा वनस्पतीतच आहे की. युरोपात गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाचं एक शेंगवर्गातलं झुडूप आहे, जांभळट फुलांचं, तिकडं जुन्या काळी वारंवार लघवी होणाऱ्या लोकांना ते द्यायचे. त्यात गॅलेगीन नावाचं द्रव्य सापडलं, ते साखर कमी करायचं पण विषारी होतं. त्याच कुळातलं मेटफॉर्मिन १९२२ मध्ये डब्लिनमध्ये वेर्नर आणि बेल या दोघांनी प्रयोगशाळेत बनवलं, मग इन्सुलिनच्या गाजावाजात ते बाजूला पडलं, आणि १९५७ मध्ये पॅरिसच्या झाँ स्टर्न या डॉक्टरांनी मधुमेहाच्या पेशंटवर वापरून त्याचे निष्कर्ष छापले. अमेरिकेनं तर १९९४ च्या डिसेंबरमध्ये परवानगी दिली, इतका उशीर, आणि त्या उशिरामागं तुमच्या किडनीच्या भीतीशी नातं असलेलं एक कारण आहे, खाली येतो त्याच्यावर. जांभूळबी आणि कारल्यानं साखर थोडी खाली येत असेलही, पण चमच्यात किती द्रव्य आहे हे ना तुम्हाला माहीत ना मला, आणि आप्पांच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे, त्याच्यावर उपाशीपोटी कारल्याचा रस ओतला तर शुगर कुठं जाऊन थांबेल याचा हिशेब कोण ठेवणार?

आता किडनी. मेटफॉर्मिनची गंमत अशी की ते लिव्हरमध्ये मोडत नाही. बहुतेक औषधं लिव्हरमध्ये तोडफोड होऊन बाहेर जातात, हे जसं आत गेलं तसंच लघवीतून बाहेर पडतं. रक्तात पोचलेल्यापैकी साधारण ९० टक्के २४ तासांत किडनी बाहेर काढते, रक्तद्रवातलं हाफ लाइफ, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, ६ तासांच्या आसपास. किडनी ते नुसतं गाळत नाही, वाहक प्रोटीनं वापरून ओढून लघवीत टाकते, त्यामुळे त्याची सफाई क्रिएटिनिनच्या तिपटीपेक्षा जास्त वेगानं होते. यात किडनीला इजा कुठंच नाही. उलट बाजूनं मात्र संबंध आहे. किडनी आधीच कमजोर असेल तर मेटफॉर्मिन बाहेर पडत नाही, साठत जातं, आणि फार साठलं तर रक्तात लॅक्टिक ॲसिड वाढायचा धोका असतो, तो प्रकार दुर्मिळ पण जीवघेणा. म्हणून ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला, किडनी किती गाळते तो आकडा) ३० च्या खाली गेला की ही गोळी बंद, ३० ते ४५ मध्ये असेल तर नव्यानं सुरू करत नाहीत आणि चालू असलेल्याचा डोस बहुधा निम्म्यावर आणतात.

तुमच्या ओळखीतल्या तिघांचं असं झालं असणार बघा, बरीच वर्षं शुगर आणि बीपी वाढलेलं राहिलं, त्यानं किडनी बिघडली, मग डॉक्टरांनी मेटफॉर्मिन बंद केली, आणि घरच्यांनी गाठ बांधली की या गोळीनंच घात केला म्हणून तर बंद केली. मी त्यांचे रिपोर्ट बघितलेले नाहीत, पण ही साखळी मी इतक्या घरांत ऐकलीय की आता कंटाळा आलाय.

भीतीचं दुसरं मूळ म्हणजे फेनफॉर्मिन. मेटफॉर्मिनच्याच घराण्यातलं भावंड, पूर्वी जोरात चालायचं. त्यानं लॅक्टिक ॲसिडचा त्रास कितीतरी जास्त व्हायचा म्हणून १९७० च्या दशकात अमेरिकेत आणि पुष्कळ देशांत बंद झालं, आपल्याकडं बंदी यायला २००३ उजाडलं. त्याच्या बदनामीचे शिंतोडे मेटफॉर्मिनवर उडाले आणि अमेरिकेत ते यायला एवढा वेळ लागला त्यात हेही होतं. पुढं १९९८ मध्ये ब्रिटनचा यूकेपीडीएस नावाचा मोठा अभ्यास छापून आला, त्यात नव्यानं शुगर निघालेल्या जाड पेशंटपैकी मेटफॉर्मिनवर असलेल्यांत हार्ट ॲटॅक आणि मृत्यू दोन्ही कमी दिसले, तेव्हापासून हिची पत वाढली.

आप्पांचं क्रिएटिनिन १.१ आहे, वय ६४, म्हणजे ईजीएफआर सत्तरच्या आसपास निघेल, काळजीचं काही नाही. फक्त एक, माणूस अगदी काटकुळा असेल, अंगावर मांसच नसेल तर क्रिएटिनिन मुळातच कमी बनतं आणि आकडा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. लूमवर जन्म गेलेली बरीच माणसं अशीच वाळकी असतात. डॉक्टरांना लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीनपण बघायला सांगा, किडनीचं दुखणं तिथं आधी कळतं.

आणि सोलापूरचा मे महिना विसरू नका. पारा ४३-४४ ला, त्यात जुलाब उलट्या झाल्या, पाणी पोटात ठरत नाही, लघवी कमी झाली, असं असेल तर किडनीकडं जाणारं रक्त घटतं आणि चांगल्या किडनीच्या माणसातसुद्धा मेटफॉर्मिन साठू शकतं. अशा दिवसांत गोळी तेवढ्यापुरती थांबवतात आणि खाणंपिणं सुरळीत झालं की परत चालू करतात. हे आत्ताच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या, आजारी पडल्यावर फोन लागत नाहीत. आप्पांचं कुटून कुटून जे पोट चाललंय ते या हिशेबानं पण वाईट, हे त्यांना सांगाच. दारू जास्त घेणाऱ्यांनाही हाच धोका, आप्पा घेत असतील असं मी म्हणत नाही.

पाठ्यपुस्तकाबाहेरची एक गोष्ट आप्पांच्या बाजूनंही सांगायला पाहिजे. औषध शौचातून जातं ही त्यांची शंका अगदीच हवेतली नाही. तोंडानं घेतलेल्या मेटफॉर्मिनपैकी ५० ते ६० टक्केच रक्तात पोचतं आणि २० ते ३० टक्के शौचावाटे जातंच, सांगाड्याचा विषय सोडून बोलतोय मी. पण ५०० मिलिग्रॅम हा डोस ठरवताना हे सगळं धरलेलं आहे, आणि जे रक्तात जात नाही ते वायापण जात नाही. आतड्याच्या भिंतीत मेटफॉर्मिन रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त साठतं, तिथं ते साखर जाळायला लावतं, जीएलपी-१ नावाचं संप्रेरक वाढवतं. आतड्याच्या खालच्या टोकाला जाऊन सुटेल अशी मेटफॉर्मिनची गोळी बनवून बघितली होती संशोधकांनी, रक्तात फारच कमी गेलं तरी शुगर उतरली. पेट स्कॅनला (शरीरात साखर कुठं जास्त ओढली जाते ते दाखवणारा स्कॅन) जाणाऱ्या पेशंटची मेटफॉर्मिन बरेचदा दोन दिवस आधी थांबवतात ती याच्यामुळंच, नाहीतर आतडंच एवढं उजळतं की बाकीचं दिसेना.

मुख्य काम मात्र लिव्हरवर. आपण रात्री जेवून झोपलो तरी लिव्हर पहाटेपर्यंत रक्तात साखर सोडत असतं, मेंदूला लागते म्हणून. टाइप २ मध्ये लिव्हर इन्सुलिनचं ऐकत नाही, गरज नसताना साखर बनवत बसतं, म्हणून काही न खाता सकाळची शुगर वाढलेली. मेटफॉर्मिन लिव्हरच्या पेशीत शिरून मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराचं, काम थोडं मंदावतं, पेशीला ऊर्जा कमी आहे असं वाटतं, एएमपीके नावाचं एन्झाइम जागं होतं आणि नवी साखर बनवायचा खर्चिक धंदा कमी होतो. यातली नेमकी कुठली पायरी सगळ्यात महत्त्वाची यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत, साठ सत्तर वर्षं वापरात असलेलं औषध आणि तरी भांडण मिटलेलं नाही, मला तर हे शिकवताना भारी मजा येते. मुद्दा असा की यात स्वादुपिंडाला जोर लावून इन्सुलिन काढणं कुठंच नाही, त्यामुळे एकट्या मेटफॉर्मिननं शुगर एकदम खाली जाऊन माणूस आडवा होणं सहसा होत नाही.

अक्कांचं बी१२ चं म्हणणं शंभर टक्के बरोबर. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी१२ शोषलं जायला कॅल्शियम लागतं, तिथं मेटफॉर्मिन अडथळा आणतं असं मानतात. शरीरातला साठा मोठा असतो म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. जास्त डोस, जास्त वर्षं आणि शाकाहारी असं तिन्ही असेल तर अधूनमधून तपासलंच पाहिजे.

विजापूररोडकर:

मास्तर, मेडिकलवाले, अक्का, तिघांचे आभार. गोळीला गुलाबी बाजू आहे! आप्पांना म्हणलं गुलाबी कुठं गेली सांगा, तर दोन मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले रंग कच्चा असेल. चाळीस वर्षं रंगीत सुतात काढलेला माणूस, काय बोलणार. पण काडीचा प्रयोग केला त्यांनी, पिचकली, तेव्हापासून खलबत्ता परत लसणाला गेलाय. पोटपण जागेवर येतंय.

आता नवीन चिंता. मास्तर तुम्ही ग्लिमेपिराइडचं नाव घेतलंत जरा दबक्या आवाजात. आप्पा माळकरी आहेत, एकादशी कधी चुकवत नाहीत, आषाढीला पंढरपूरला जातात, आणि एकादशीला सकाळची गोळी नुसत्या चहावर घेतात कारण गोळी चुकवायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. मागच्या एकादशीला अकराच्या सुमाराला घाम फुटला होता, हात थरथरत होते. आम्ही म्हणलं उन्हानं. हे त्यातलं काही आहे का?

मेडिकलवाला_सातरस्ता:

दादा हे तुम्ही पहिल्या पोस्टमध्येच लिहायला पाहिजे होतं, चिपाडापेक्षा हे दसपट महत्त्वाचं आहे.

उन्हानं असेलही, पण मला शुगर उतरल्याचा संशय जास्त आहे. गुलाबी थरातलं ग्लिमेपिराइड वेगळ्या जातीचं औषध. ते स्वादुपिंडाच्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवरचे पोटॅशियमचे मार्ग बंद करतं, त्यानं पेशीत कॅल्शियम शिरतं आणि इन्सुलिन बाहेर ढकललं जातं. तुम्ही जेवलाय का उपाशी आहात हे ते बघत नाही, शुगर शंभर असली तरी ढकलतंच. परिणाम जवळपास दिवसभर राहतो. म्हणून ते खाण्याशी बांधलेलं असतं, पोटात काही जाणार नसेल तर ती गोळी तशीच ढकलायची नाही. गोळी चुकवू नका हे वाक्य बरोबर आहे, पण ते जेवणाऱ्या माणसाला सांगितलेलं आहे.

घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, चिडचिड, डोळ्यापुढं अंधारी असं काही झालं की लगेच मीटरवर बघायचं, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात किंवा ग्लुकोजची पावडर, १५ मिनिटांनी परत मोजायचं, अजून खाली असेल तर परत द्यायची. मीटर हाताशी नसेल तर न मोजता द्या, एखाद्या वेळी शुगर थोडी वाढली तर काही होत नाही. सावरल्यावर काहीतरी खायला द्या, आणि घरात एकट्याला सोडू नका, कारण ग्लिमेपिराइड अंगात असेपर्यंत परत उतरू शकते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

वारीत तर खिशात साखरेची पुडी पाहिजेच, पेढा असला तरी चालेल पण पेढ्यातल्या दुधातुपामुळं साखर सावकाश चढते.

बीफार्म_मास्तर:

वरच्याला जोडून. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना हाच प्रसंग तारखेसकट सांगा, एकादशी होती, चहावर गोळी घेतली होती, अकराला घाम आला. त्यावरून ते कदाचित ग्लिमेपिराइड काढतील, कमी करतील किंवा शुगर जोरात न उतरवणारं दुसरं काही देतील, आता पुष्कळ पर्याय आहेत. दोन औषधं एका गोळीत असण्याची अडचण इथंच येते, एक थांबवायचं आणि एक चालू ठेवायचं म्हणलं तर जमत नाही, कारण ही गोळी तोडून गुलाबी भाग बाजूला काढता येत नाही. उपास करणाऱ्या माणसाला मी तरी सुट्या दोन गोळ्या मागायला सांगेन. गोळ्यांची संख्या वाढते म्हणून लोक कुरकुरतात पण लगाम आपल्या हातात राहतो. रोजे धरणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनाही डॉक्टरांनी रमजानच्या आधी बोलावून वेळा आणि डोस बदलून दिले होते, तसंच एकादशीचं का नाही करायचं?

दुसरी बाजू म्हणजे संध्याकाळची साबुदाण्याची खिचडी. दिवसभर खाली आणि रात्री एकदम वर. भगर आणि शेंगदाण्याची आमटी त्यातल्या त्यात बरी, पण भगर म्हणजेसुद्धा धान्यच, ताट भरून नको.

निसर्गमित्र_जुळे_सोलापूर:

गॅलेगाचं माहीत नव्हतं. तरी मी जांभूळबी सोडणार नाही.

बीफार्म_मास्तर:

सोडू नका, फक्त तुमच्या डॉक्टरांना सांगून घ्या आणि मीटर जवळ ठेवा.

नवीपेठ_सूनबाई:

विषय निघालाच आहे तर विचारते. सासूबाईंना साधी मेटफॉर्मिन चालू आहे, सोमवारी पोटाचा सीटी स्कॅन आहे, शिरेतून औषध टाकून. कुणी म्हणतं गोळी दोन दिवस आधीपासून बंद, कुणी म्हणतं काही गरज नाही. खरं काय?

मेडिकलवाला_सातरस्ता:

ताई, दोन्ही ऐकायला मिळतं कारण ते त्यांच्या किडनीवर अवलंबून आहे. शिरेतनं जे टाकतात ते आयोडीनचं कॉन्ट्रास्ट, त्यानं काही जणांची किडनी तात्पुरती मंदावू शकते, आणि मंदावली की मेटफॉर्मिन साठायचा धोका, जे मास्तरांनी वर लिहिलंय तेच. किडनी चांगली असेल तर बहुतेक वेळा बंद करावी लागत नाही. ईजीएफआर ६० च्या खाली असेल, लिव्हरचा किंवा हार्ट फेल्युअरचा त्रास असेल तर स्कॅनच्या दिवसापासून थांबवतात, ४८ तासांनी परत क्रिएटिनिन बघतात आणि ठीक असेल तरच चालू करतात. त्यामुळे रविवारची वाट न बघता उद्याच क्रिएटिनिन करून घ्या आणि स्कॅन सेंटरला फोन करून गोळीचं नाव सांगा, ते तसाही रिपोर्ट मागणारच आहेत, नसेल तर सोमवारी उपाशी बसवून परत पाठवतील.